सतरावा पाठ

सूचनाफलकावरचा कागद पाणी-मॅडमनी तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचूनही त्यांनी तो टराटरा फाडला नाही, हेच नवल. कागद तसा साधा होता. येत्या सत्रापासून सगळं अभ्याससाहित्य महाविद्यालयाच्या नव्या ॲपवर मिळेल आणि शिक्षकांनी आपापली चालवलेली वेबपानं महिनाअखेरीस बंद केली जातील. 'वेबपानं' हे अनेकवचन केवळ सभ्यपणा म्हणून घातलेलं होतं. अख्ख्या महाविद्यालयात असं पान एकच होतं, आणि ते मॅडमचं होतं.

त्या पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकवत, म्हणून पाणी-मॅडम. त्यांचा वर्ग नोकरी करणाऱ्यांचा. कुणी शुद्धीकरण केंद्रात कामाला, कुणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत, कुणी टाक्यांच्या देखभालीवर. ही मंडळी पंधरा दिवसांतून एका रविवारी वर्गात येत आणि उरलेले दिवस जमेल तिथे, जमेल तसं शिकत. त्यांच्यासाठी अकरा वर्षांपूर्वी मॅडमनी स्वतः धडपडून, चुकतमाकत वेबवर एक पान उभं केलं होतं. त्यात चोवीस पाठ. नाव विचारायचं नाही, पासवर्ड मागायचा नाही, पत्ता टाकला की पाठ समोर. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांची पत्रं येत, की तुमचा तुरटीचा पाठ आमच्या टाकीला उपयोगी पडला. ती पत्रं मॅडम नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत, आणि नवरा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकत असे.

कागद फलकावर तसाच ठेवून मॅडम थेट प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

प्राचार्य मनाने वाईट नव्हते. एकदा घेतलेला निर्णय पुन्हा बदलावा लागू नये, एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती. त्यांनी मॅडमना बसायला सांगितलं. मॅडम बसल्या नाहीत.

"ॲपमध्ये कोणी काय वाचलं ते कळतं, मॅडम," ते म्हणाले. "किती वेळ वाचलं तेही कळतं. तुमच्या पानावर कोण येतं, कोण जातं, काही पत्ता आहे का?"

"ग्रंथालयात पुस्तक उघडणाऱ्याला आपण नाव विचारतो का, सर?"

"विचारतो की. दारातच रजिस्टर आहे."

मॅडमचा हा बार फुसका निघाला. पण हार मानून उठून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि तशाही त्या उभ्याच होत्या. शेवटी प्राचार्यांनीच वाट काढली. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, समितीची बैठक होती. ॲपला न जमणारं असं तुमच्या पानाला काय जमतं ते लेखी द्या आणि समितीला दाखवा. पटलं तर पान राहील, नाही पटलं तर बंद.

मॅडमनी तिथल्या तिथे कागद मागून घेतला आणि उभ्यानेच लिहिलं: 'हे पान कोणत्याही फोनवर, कोणत्याही ठिकाणी, अर्ध्या मिनिटात उघडतं.' खाली सही, तारीख. पूर्णविराम एवढा जोरात दिला की कागदाला भोक पडलं.

बाहेर व्हरांड्यात संगणक विभागाचे प्रमुख भेटले. दिसेल त्याच्याकडे पासवर्डची चौकशी करायची सवय असल्यामुळे सगळे त्यांना पासवर्ड सर म्हणत, आणि ते त्यांनाही माहीत होतं. नवं ॲप आणण्यात त्यांचाच पुढाकार.

"कोणत्याही फोनवर म्हणजे नेमक्या कुठल्या?" त्यांनी विचारलं. बातमी मॅडमच्या आधी बाहेर पोचली होती. "तपासलंय का कधी?"

"अकरा वर्षं चालवतेय मी ते."

"हे उत्तर नाही झालं, मॅडम."

"तुमचं ॲप तुम्हालाच लखलाभ," असं म्हणून मॅडम तरातरा निघाल्या. पण ते वाक्य चपलेत खडा शिरावा तसं घरापर्यंत टोचत राहिलं.

नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोंड घातलं नाही, आणि मग म्हणाला, "अगं, समितीला कागद दाखवून काय होणार? त्यांना माणूस दाखव. तुझ्या वर्गात सगळ्यात लांब कोण राहतं?"

सगळ्यात लांब होती ती पंपावरची ताई. वय अडतीस, नदीकाठच्या पंपघरात नोकरी. पंप चालू-बंद करायचे, दर तासाला आकडे लिहायचे, एवढंच तिचं काम. पाणी गढूळ झालं की तुरटी किती टाकायची हे ठरवायचा अधिकार तिला नव्हता. केंद्राचे रसायनतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येत, आणि ते नसताना गढूळ पाण्याकडे बघत ती त्यांच्या फोनची वाट बघत बसायची. पदवी मिळाली तर तो निर्णय तिला घेता येणार होता. बाकी सगळे विषय सुटले होते. मॅडमच्या विषयात ती दोनदा नापास झाली होती, आणि नियमाप्रमाणे तिसरी संधी शेवटची. परीक्षेला आठ आठवडे उरले होते.

दोनदा नापास झाली तरी तिने कधी तक्रार केली नव्हती. म्हणूनच तर मॅडमनी तिला निवडलं. तिचा फोन, तिचं पंपघर, तीस सेकंदांत उघडलेलं पान, आणि त्याची चित्रफीत. समितीचं तोंड बंद.

शनिवारी दोन बस बदलून मॅडम पंपघरात पोचल्या. आत तीन पंप होते, दोन चालू आणि एक राखीव. भिंतीवर दाबाची घड्याळं, कोपऱ्यात लोखंडी टेबल, त्यावर आकड्यांचं रजिस्टर आणि जुन्या पद्धतीचा तारेचा फोन. पंपांच्या आवाजात बोलायचं तर ओरडावंच लागे. मॅडमना दारात बघून ताईचा चेहराच उतरला.

"मॅडम, तुम्ही? माझं काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. तुझा फोन काढ आणि आपलं पान उघड. मी वेळ लावते."

ताईने हात पुसले, फोन काढला, पत्ता टाकला. मॅडमनी चित्रफीत सुरू केली. पडदा पांढरा झाला आणि मधोमध एक गोल फिरू लागला. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. चार मिनिटांनी मॅडमनी चित्रफीत बंद केली.

"इथे नेटवर्क नाही का?"

"आहे की. रजिस्टरचे आकडे मी रोज यावरूनच पाठवते."

मॅडम आपल्या हातातल्या फोनकडे वळल्या. पत्ता टाकायचा अवकाश, पान झळकलं. वर महाविद्यालयाच्या इमारतीचा फोटो, त्याखाली पाण्याचा फिरता थेंब, आणि थेंबाखाली हसून स्वागत करणाऱ्या खुद्द मॅडम.

"हे बघ. उघडतंय."

"तुमचा फोन चांगला आहे, मॅडम. माझा हा दिराने टाकून दिलेला. दोष फोनचाच आहे." ताई हे अशा सुरात म्हणाली की जणू मॅडमचीच समजूत काढायची होती.

"मग तू पाठ वाचतेस कुठे?"

"पहिल्या वर्षी इथेच वाचायचे. तेव्हा लगेच उघडायचं. मग दोन वर्षांपूर्वी तुम्ही ते छान केलंत ना..." पुढचं तिने गिळलं.

दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयात तपासणीचं पथक यायचं होतं. मॅडम चार दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आल्या आणि त्यांनी पान नटवलं. फोटो टाकले, चित्रफिती टाकल्या, तऱ्हेतऱ्हेची अक्षरं टाकली. पथकाच्या अहवालात 'आकर्षक' असा शब्द आला. तो मॅडमना फार आवडला होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"पान सगळ्यांचं उघडतं असं तुम्हीच वर्गात म्हणता. मग माझं एकटीचं उघडत नाही हे काय सांगायचं?"

मग तिनेच विचारलं, "तुमच्या फोनवर जरा सतरावा उघडता का? त्यातली आकृती बघायची होती. आज सहज बघून होईल."

मॅडमनी सतरावा पाठ उघडला. पडदा पांढरा झाला. गोल फिरू लागला. त्यांच्या स्वतःच्या, नव्याकोऱ्या, महागड्या फोनवर तो गोल फिरत राहिला आणि दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

मग ताईने टेबलाच्या खणातून वही काढली. तिची एक मामेबहीण त्याच वर्गात होती आणि शहरात प्रयोगशाळेत कामाला होती. ती रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करून एकेक पाठ वाचून दाखवायची आणि ताई लिहून घ्यायची. चोवीसच्या चोवीस पाठ असे उतरवलेले. आकृत्यासुद्धा. बहीण फोनवर सांगणार, सहा काचेची भांडी आहेत, प्रत्येकात ढवळायला काहीतरी सोडलंय, आणि ताई इकडे काढणार. सतराव्या पाठात तिने सहा भांडी काढली होती आणि त्यांत सहा चमचे.

तुरटी किती लागेल हे ठरवायची ती मुख्य चाचणी. सहा भांड्यांत एकच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी वेगवेगळी, आणि वरून सोडलेल्या सपाट पट्ट्यांनी सगळी एकाच वेगाने ढवळायची. कुठल्या भांड्यातला गाळ चांगला बसतो ते बघायचं. चमचे पाहिल्याबरोबर मॅडमना ती उत्तरपत्रिका आठवली. मागच्या परीक्षेत त्यांनी अशाच एका आकृतीवर लाल शाईने फुली मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'आकृती नीट पाहून काढावी.'

मॅडमना लाज वाटली. लाजेने कान तापले, आणि त्या पंपांच्या आवाजात आपल्याला रडू फुटलं तरी कुणाला ऐकू जाणार नाही, असाही एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण रडण्याने कुणाचं पान उघडत नाही. त्यांनी त्याच वहीत पेन्सिलीने पट्ट्या काढून दाखवल्या, चाचणी पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावली, आणि निघताना म्हणाल्या, "दोष फोनचा नाही. माझा आहे. दोन आठवडे दे मला."

परतीच्या दोन्ही बसमध्ये त्यांनी स्वतःला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोमवारी सकाळी त्या पासवर्ड सरांच्या टेबलासमोर जाऊन बसल्या. या वेळी न सांगता बसल्या.

"माझं पान किती जड आहे ते कसं बघायचं?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला विचारताय? समितीत मी तुमच्या विरोधात बसणार आहे."

"बसा की. आधी वजन करायला शिकवा."

सरांनी पान उघडलं, दोन बटणं दाबली आणि शीळ घातली. "पहिलंच पान एक्केचाळीस एमबी. मॅडम, तुम्ही पान केलंय की गोदाम बांधलंय? हा इमारतीचा फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच टाकलाय. ही स्वागताची चित्रफीत कुणी न सांगता सुरू होते. अक्षरं पाच तऱ्हांची, आणि तीही लांबून कुठून तरी आणायची. आणि हा फिरता थेंब कशाला?"

"सुंदर दिसतो."

"दिसायला आधी पोचायला हवा ना."

मॅडमनी शनिवारचं सगळं सांगितलं. "मग माझ्या फोनवर पहिलं पान कसं उघडलं? तेही तिथे, पंपघरात?"

"तुम्ही ते रोज बघता. तुमच्या फोनने ते केव्हाच साठवून ठेवलंय. तुम्हाला दिसलं ते तुमच्याच खिशातलं पान. सतरावा पाठ त्या फोनवर कधी उघडला नसेल, तो साठवलेला नव्हता. एरवी तपासता कुठे?"

"स्टाफरूममध्ये."

"तिथलं वाय-फाय मीच बसवलंय. तिथे हत्तीसुद्धा उघडेल." सर हसले, पण मॅडमचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "त्या ताईंचा फोन कुठला आहे म्हणालात?" आणि नाव ऐकून एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.

पुढचे अकरा दिवस मॅडमनी कंबर कसली. फोटो काढून टाकले. चित्रफिती हटवल्या. थेंब काढला, आणि तो काढताना त्यांना थोडं वाईट वाटलं हे त्यांनी कबूल केलं. स्वतःचं हसतं स्वागत तर सगळ्यात आधी उडवलं. उरला नुसता मजकूर आणि आकृत्या. आकृत्यांसाठी त्यांनी नवऱ्याला वेठीला धरलं. त्याने शाईने रेघा काढायच्या आणि पासवर्ड सरांनी शिकवल्याप्रमाणे मॅडमनी त्या रेघा संगणकाला सांगायच्या. रेघ कुठून निघते, कुठे वळते, कुठे संपते, बस. फोटोच्या मानाने अशा आकृतीचं वजन काहीच नाही.

"भांड्याला थोडी छटा देऊ का? काचेची वाटतील," नवरा म्हणाला.

"छटा नको. रेघ."

"तीस वर्षं पोरांना छटा द्यायला शिकवतोय, आणि बायकोने रेघेवर आणून ठेवलं." असं पुटपुटत त्याने सहा भांडी काढली, सहा सपाट पट्ट्या काढल्या, आणि पट्टी नेमकी कशी फिरते ते कळावं म्हणून शेजारी एक पट्टी मोठी करून काढली. ती त्याला कुणी सांगितली नव्हती.

तपासायला मॅडमनी घरातला जुना, बाद झालेला फोन बाहेर काढला. स्टाफरूममध्ये तो उघडायचाच नाही असं स्वतःला बजावलं. बाजारामागच्या बसथांब्यावर नेटवर्क सगळ्यात कमी, म्हणून रोज दुपारी त्या तिथे जाऊन उभ्या राहत, फोनने साठवलेलं सगळं पुसत आणि एकेक पाठ नव्याने उघडत. बस यायची, थांबायची, चालक वाट बघायचा, मॅडम मान न वर करता हाताने पुढे जायची खूण करायच्या. चौथ्या दिवसापासून चालकाने थांबणं सोडलं. काही पाठ पहिल्या दमात उघडले, काही पुन्हा घरी नेऊन हलके करावे लागले. गुरुवारी दुपारी चोविसावा पाठ सहा सेकंदांत उघडला, तेव्हा मॅडम थांब्यावरच्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बसूनच राहिल्या.

नवऱ्याचा सल्ला होता की आता गप्प बसावं. "पान उघडतंय ना? लिहून दिलं होतंस ते आता खरं झालं. मागचं कशाला उकरतेस? आपणहून तोंडघशी पडायची हौस आहे का?"

"लिहून दिलं तेव्हा ते खोटं होतं, अहो. दोन वर्षं खोटं होतं. मी ते झाकलं तर उद्या दुसरं कुणी असंच लिहून देईल आणि ती पोरगी पुन्हा म्हणेल, दोष माझ्या फोनचा."

नवऱ्याने हात टेकले. पण शुक्रवारी सकाळी मॅडम निघाल्या तेव्हा तो त्यांना बसपर्यंत सोडायला गेला.

समितीच्या खोलीत लांब टेबल, टेबलाच्या एका टोकाला प्राचार्य, त्यांच्या शेजारी उपप्राचार्य बाई आणि पलीकडे पासवर्ड सर. मधोमध फोन ठेवलेला. मॅडमनी आपलंच पत्र आधी वाचून दाखवलं आणि मग म्हणाल्या, "यातला एकही शब्द खरा नव्हता."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. मॅडमनी पंपघर सांगितलं, पांढरा पडदा सांगितला, दुपारचे फोन सांगितले. ताईची परवानगी घेऊन आणलेली वही त्यांनी उघडून टेबलावर ठेवली, आणि शेजारी जुनी उत्तरपत्रिका. सहा चमचे आणि त्यावर त्यांच्याच हातची लाल फुली.

"याचा अर्थ पान बंद करावं असाच होतो ना?" उपप्राचार्य बाईंनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्यांनी तो सौम्यपणे विचारला. "निदान ॲपमध्ये आपल्याला कळलं असतं की ही मुलगी दोन वर्षं काही वाचतच नाहीये. हजेरी दिसली असती."

"जी आत येऊ शकते तिचीच हजेरी लागते, बाई. हिची गैरहजेरी लागली असती, आणि आपण म्हटलं असतं, अभ्यास करत नाही." मॅडम प्राचार्यांकडे वळल्या. "मी पान पुन्हा केलंय. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. मीही आता ठेवत नाही. सर, तुम्हीच पंपघरात फोन लावा. आत्ता. आज फोन येईल असं मी तिला सांगितलेलं नाही."

प्राचार्यांनी मॅडमनी दिलेला नंबर फिरवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. खोली पंपांच्या घरघरीने भरून गेली. तारेचा फोन ताईनेच उचलला. प्राचार्य बोलतायत हे कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर आवाज बारीक झाला.

"आधी ॲप बघू," पासवर्ड सर अचानक म्हणाले आणि फोनकडे वाकले. "ताई, तुमच्या मोबाइलवर आपलं नवं ॲप घेऊन बघा बरं."

बराच वेळ घरघर ऐकू आली. मग ताई म्हणाली, "सर, 'या फोनवर चालणार नाही' असं लिहून येतंय."

"वाटलंच होतं मला," सर म्हणाले. त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "गेल्या आठवड्यातच शोधलं होतं. असे फोन आपल्याकडे किती जणांचे आहेत ते मात्र मला माहीत नाही. ते आपण कुणालाच विचारलेलं नाही."

"आता पान," प्राचार्य म्हणाले. "पाण्याच्या मॅडमचं. कुठलाही पाठ उघडा."

मॅडमनी घड्याळाकडे बघायचं टाळलं. पासवर्ड सर मात्र बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. चार. पाच. सहा. सात.

"उघडला," ताई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "मॅडम आहेत का तिथे? सतरावा उघडला, मॅडम."

"आहेत," प्राचार्य म्हणाले. "पहिली ओळ वाचा बघू."

ताई वाचू लागली. नदीचं पाणी रोज सारखं नसतं, म्हणून तुरटीही रोज सारखी लागत नाही. इथे पहिली ओळ संपली. प्राचार्यांनी मान डोलावली, पेन उचललं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. "पान राहील," ते म्हणाले. "आणि ॲप असो की आणखी काही, आधी या फोनवर उघडून बघायचं. मगच सूचनाफलकावर कागद." मग फोनकडे वळून ते म्हणाले, "झालं, ताई. पुरे."

पण पंपांच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही. तिने तिकडे तारेचा फोन टेबलावर ठेवून हातात मोबाइल धरला असावा आणि ती वाचत होती. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. सुरुवातीचा बारीक आवाज आता मोकळा झाला होता. दोन वर्षं जे कानांनी ऐकलं, ते ती आज स्वतःच्या डोळ्यांनी वाचत होती, आणि एवढ्यात थांबायचा तिचा विचार दिसत नव्हता.

प्राचार्यांनी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. उपप्राचार्य बाईंनी पुढच्या विषयाची फाइल उघडली होती, ती त्यांनी आवाज न करता मिटली. मॅडमनी खुर्ची फोनजवळ ओढली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी सगळ्यांदेखत पुसले. तिसऱ्या परिच्छेदातल्या एका लांबलचक वाक्यावर ताई अडखळली. मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि तिथेच पुन्हा अडखळली. मॅडमनी ताईची वही ओढून घेतली आणि मागच्या पानावर ते वाक्य लिहून घेतलं. मग मधे रेघ मारून त्याची तीन वाक्यं करायला त्यांनी सुरुवात केली.